निष्कर्ष नसलेली बैठक : हॅकनीच्या तळघरातून निघालेल्या डेथ कॅफेचे प्रकरण

सप्टेंबर २०११ मध्ये पूर्व लंडनमधील हॅकनी येथे एका राहत्या घराच्या तळघरात काही माणसे चहा आणि केक समोर घेऊन बसली आणि मरणाविषयी बोलली. ती शोकसभा नव्हती, प्रवचन नव्हते आणि मानसोपचाराचे सत्रही नव्हते. घर जॉन अंडरवुड यांचे होते आणि व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ असलेल्या त्यांच्या आई, सू बार्स्की रीड, यांनी त्या दिवशीचे संभाषण सांभाळले. या बैठकीचे नाव होते ‘डेथ कॅफे’.

पुढे सहा वर्षेही पुरी झाली नव्हती, तेव्हा २७ जून २०१७ रोजी अंडरवुड वयाच्या ४४ व्या वर्षी अचानक गेले. तोपर्यंत पन्नासहून अधिक देशांत अशा हजारो बैठका भरल्या होत्या, आणि ते गेल्यानंतरही त्या भरत राहिल्या. एखाद्या माणसाच्या घरातून निघालेला आणि मुख्यत्वे स्वयंसेवेवर चालणारा उपक्रम त्या माणसाबरोबरच संपतो, हा आपला नेहमीचा अनुभव आहे. येथे तसे का झाले नाही, हा या प्रकरणाचा प्रश्न आहे. ‘लोकांना गरज होती म्हणून’ हे उत्तर मला अपुरे वाटते, कारण गरज असूनही ज्या गोष्टी कधी उभ्याच राहिल्या नाहीत त्यांची यादी फार मोठी आहे. माझ्या मते उत्तर त्या बैठकीत काय करायचे नाही याविषयी पाळलेल्या शिस्तीत सापडते, आणि म्हणून या लेखात सर्वाधिक जागा त्या शिस्तीलाच दिली आहे.

नूशातेलपासून हॅकनीपर्यंत

कल्पना अंडरवुड यांची नव्हती, आणि त्यांनी तसे कधी भासवलेही नाही. बेर्नार क्रेत्ताझ या स्विस समाजशास्त्रज्ञाने २००४ मध्ये नूशातेल या गावी पहिला ‘काफे मोर्तेल’ भरवला होता. क्रेत्ताझ यांचा जन्म १९३८ सालचा, व्हाले प्रांतातील आनिव्हिए या डोंगरी खोऱ्यातला. जिनिव्हाच्या मानववंशशास्त्र संग्रहालयात त्यांनी दीर्घकाळ काम केले. त्यांच्या पत्नी इव्होन प्राइसवेर्क यांनी याच खोऱ्यातील अंत्यविधीनंतरच्या जेवणांचा अभ्यास केला होता. त्या खोऱ्यात माणूस हयात असतानाच त्याच्या अंत्यविधीच्या जेवणासाठी चीज बाजूला काढून ठेवण्याची रीत होती. वर्षानुवर्षे मुरत पडलेला तो चीजचा गोळा पुढे नेमका कशासाठी कापला जाणार आहे, हे घरातील सर्वांना ठाऊक असे, आणि ज्याच्या नावाने तो ठेवला त्यालाही. १९९९ मध्ये पत्नीचे निधन झाल्यानंतर पाच वर्षांनी क्रेत्ताझ यांनी हे काम हाती घेतले. दफनानंतर माणसे एकत्र जेवतात, रडतात, मध्येच हसतात आणि जुने हिशेब काढतात, ती जागा आधुनिक समाजाने गमावली आहे आणि ती खानावळीच्या टेबलाभोवती परत मिळवता येईल, अशी त्यांची धारणा होती.

मराठी वाचकाला यात परके काही वाटू नये. ज्या घरी मृत्यू झाला तेथे चूल पेटत नाही, शेजारघरून पिठले-भाकरी येते, आणि काही भागांत आप्तेष्ट ‘कडू घास’ घेऊन जातात. मरणानंतरचे पहिले बोलणे अन्नाच्या आधाराने सुरू होते, हे आनिव्हिएच्या खोऱ्यातही खरे होते आणि आपल्याकडेही खरे आहे. डेथ कॅफेच्या केकला इंग्रजी शिष्टाचाराचा गोड तुकडा समजून हसणारे पुष्कळ आहेत. त्या केकचे कूळ मात्र अंत्यविधीच्या जेवणापर्यंत जाते.

इंग्लंडमधील परिस्थिती थोडक्यात सांगण्यासारखी आहे. हॉस्पिस म्हणजे आयुष्याच्या अखेरीस पोचलेल्या रुग्णांची शुश्रूषा करणारी संस्था; अशा आधुनिक चळवळीचा आरंभ मानले जाणारे सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सिसिली साँडर्स यांनी १९६७ मध्ये दक्षिण लंडनमधील सिडनम येथे उघडले. मरणासन्न माणसाची शुश्रूषा कशी करावी याचे शास्त्र ज्या शहरात घडले, त्याच शहरातील माणसे चाळीस वर्षांनंतरही त्याविषयी आपसांत बोलत नव्हती. २००८ मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्याने आयुष्याच्या अखेरच्या शुश्रूषेविषयी जे धोरण जाहीर केले, त्यात ५८ टक्के मृत्यू सरकारी रुग्णालयांत आणि सुमारे १८ टक्के स्वतःच्या घरी होत असल्याचे नोंदवले होते, आणि मृत्यूविषयी उघड न बोलण्याच्या सवयीचा उल्लेख अडथळा म्हणून केला होता. पुढच्याच वर्षी ‘डाइंग मॅटर्स’ नावाची जनजागृतीची मोहीम सुरू झाली. अर्थात मोहीम लोकांना ‘बोला’ असे सांगते. कोठे बसून, कोणाशी आणि कसे बोलायचे याची सोय ती करून देईलच असे नाही.

अंडरवुड हे टॉवर हॅम्लेट्स या लंडनमधील पालिकेत नोकरीला होते. ते बौद्ध साधना करीत, आणि नोकरी सोडून मृत्यूविषयक कामाला वाहून घेण्याचे त्यांच्या मनात होते. नोव्हेंबर २०१० मध्ये ‘इंडिपेंडंट’ या दैनिकात क्रेत्ताझ यांच्या कॅफेविषयीचा लेख त्यांनी वाचला, आणि दहा महिन्यांनी पहिली बैठक झाली. मूळ कल्पनेत त्यांनी जो बदल केला तो महत्त्वाचा आहे. क्रेत्ताझ यांच्या काफे मोर्तेलमध्ये सूत्रे स्वतः क्रेत्ताझ यांच्या हाती असत, आणि माणसे त्यांच्याभोवती जमत. अंडरवुड यांनी मधला हा माणूसच काढून टाकला. प्रत्येक टेबलाभोवती मोजकी माणसे बसतील, सांभाळणारा एखादा असेल, पण बोलणारे सर्वच असतील, अशी मांडणी त्यांनी केली. नूशातेलच्या पद्धतीला क्रेत्ताझ लागत; हॅकनीच्या पद्धतीला अंडरवुड लागत नव्हते.

चार अटी

अंडरवुड आणि त्यांच्या आईने पहिल्या काही बैठकांच्या अनुभवावरून एक मार्गदर्शिका लिहिली आणि २०१२ च्या सुरुवातीला ती सर्वांसाठी खुली केली. तिच्यातील अटी मान्य असणाऱ्या कोणालाही ‘डेथ कॅफे’ हे नाव वापरता येते, त्यासाठी शुल्क नाही. अटींचा आशय असा : बैठक नफ्यासाठी नसावी, ती सर्वांना सहज येता येईल अशी, परस्परांचा आदर राखणारी आणि बोललेले बाहेर न नेणारी असावी, लोकांना कोणत्याही निष्कर्षाकडे, उत्पादनाकडे किंवा कृतीकडे नेण्याचा हेतू तिच्यामागे नसावा, आणि खाण्यापिण्याची सोय असावी, शक्यतो केकसह. उद्देशही एका वाक्यात सांगितलेला आहे : आयुष्य मर्यादित आहे याचे भान वाढावे, म्हणजे हाती असलेल्या आयुष्याचे चीज करणे सोपे जाईल.

यातील तिसरी, म्हणजे कोणत्याही निष्कर्षाकडे न नेण्याची, अट वाचताना साधी वाटते, पण पाळताना कस लागतो तो तिचाच. मृत्यूच्या आसपास वावरणाऱ्या जवळजवळ प्रत्येक माणसाला काहीतरी पटवून द्यायचे असते. विमा एजंटाला पॉलिसी द्यायची असते, अंत्यसंस्काराच्या कंपनीला आगाऊ नोंदणी हवी असते, धर्मोपदेशकाला परलोकाची ग्वाही द्यायची असते, तर निरीश्वरवाद्याला ती ग्वाही खोडून काढायची असते. शिवाय ज्यांचे हेतू निर्मळ आहेत तेही मागे नसतात. अवयवदानाचा कार्यकर्ता, मृत्युपत्र करा म्हणून सांगणारा वकील, वेदनाशामक उपचारांची माहिती देणारा डॉक्टर या सर्वांजवळ सांगण्यासारखे खरोखर काही असते. अंडरवुड यांच्या अटीने चांगल्या आणि वाईट हेतूंमध्ये भेद केला नाही. पाहुणा वक्ता नाही, ठरलेला विषय नाही, माहितीपत्रके वाटणे नाही. या कडकपणाचा मला सुरुवातीला राग आला होता, कारण माहिती देण्यात गैर काय, असे वाटले. परंतु ज्या बैठकीत एक जाणकार बोलतो तेथे बाकीचे श्रोते होतात, आणि श्रोता स्वतःच्या मरणाविषयी बोलत नाही, तो प्रश्न विचारतो. प्रश्न विचारणे हा गप्प बसण्याचाच एक सभ्य प्रकार आहे.

या अटीचा दुसरा परिणाम ब्रिटनमध्ये स्पष्ट दिसतो. असाध्य आजाराच्या रुग्णाला स्वेच्छेने मरण पत्करण्याचा कायदेशीर अधिकार द्यावा की देऊ नये, यावर तेथे अनेक वर्षे तीव्र वाद चालू आहे. डेथ कॅफेने एक बाजू घेतली असती तर दुसऱ्या बाजूची माणसे त्या टेबलाशी बसलीच नसती. अंडरवुड यांनी स्वतःच्या बौद्ध श्रद्धेलाही तेथे स्थान दिले नाही, ही गोष्ट मला या संदर्भात विशेष वाटते, कारण अनित्यतेविषयी त्यांच्याजवळ तयार उत्तर होते आणि ते देण्याची आयती संधीही होती.

प्रत्यक्ष बैठक साधारण दोन तासांची असते. सांभाळणाऱ्याचे काम सोपे दिसते : सुरुवातीला अटी सांगणे, प्रत्येकाला आपण का आलो हे सांगण्याची संधी देणे, एखादा फारच बोलू लागला तर बोलणे दुसऱ्याकडे वळवणे, आणि शांतता पसरली तर ती भरून काढण्याची घाई न करणे. केकची उपयुक्तता या शेवटच्या कामात कळते. हातात बशी असली की गप्प बसण्याला निमित्त मिळते आणि डोळे भरून आले तर मान खाली घालायला जागा मिळते. येणारी माणसे बहुधा एकमेकांना अनोळखी असतात, आणि तीही सोयच ठरते, कारण आईच्या आजारपणात आपल्याला तिच्या सुटकेची वाट पाहावीशी वाटली होती, हे वाक्य भावंडांसमोर उच्चारता येत नाही. टेबलापलीकडच्या अपरिचित बाईसमोर ते उच्चारता येते.

पसारा, आणि एक न उभे राहिलेले घर

जुलै २०१२ मध्ये अमेरिकेतील ओहायो राज्यात लिझी माइल्स या हॉस्पिसमध्ये काम करणाऱ्या बाईंनी त्या देशातील पहिला डेथ कॅफे भरवला. त्यानंतरचा प्रसार भराभर झाला. मध्यवर्ती संस्थेने शाखा उघडण्याची गरज नव्हती. मार्गदर्शिका वाचून ग्रंथालयात, चर्चच्या सभागृहात, स्मशानभूमीलगतच्या खोलीत किंवा एखाद्या साध्या उपाहारगृहात माणसे जमत गेली.

याच काळात अंडरवुड यांनी एक वेगळा प्रयत्न केला. लंडनमध्ये डेथ कॅफेची कायमस्वरूपी वास्तू असावी, तिची मालकी लोकांकडे असावी आणि त्यासाठी लोकांकडूनच भागभांडवल उभे करावे, अशी ती योजना होती. ती पूर्णत्वास गेली नाही. प्रकरण अभ्यासताना हे अपयश मला यशाइतकेच बोलके वाटते. वास्तू म्हटली की भाडे आले, भाड्यासाठी विक्री आली, आणि वर सांगितलेल्या तिसऱ्या अटीवर रोजचा ताण आला असता. बैठक भरते आणि विरते, तिच्यामागे धुवायच्या बश्यांखेरीज काही उरत नाही, हे या पद्धतीचे हलकेपण होते. भिंती उभ्या राहिल्या असत्या तर ते टिकणे कठीण होते.

जून २०१७

अंडरवुड यांना तीव्र प्रोमायलोसायटिक ल्युकेमिया झाला होता आणि त्याचे निदान झालेले नव्हते. रक्ताच्या कर्करोगाचा हा दुर्मीळ प्रकार आहे. यात रक्त गोठण्याची प्रक्रियाच बिघडते आणि शरीरात कोठेही, प्रसंगी मेंदूत, रक्तस्राव होऊ शकतो. वेळीच निदान झाले तर हाच आजार ल्युकेमियाच्या प्रकारांमध्ये सर्वांत चांगला बरा होणाऱ्यांपैकी आहे, आणि निदान न झाल्यास तो काही दिवसांतच प्राण घेऊ शकतो. अंडरवुड मेंदूतील रक्तस्रावाने कोसळले आणि दोन दिवसांत गेले. शेवटच्या आठवड्यांत कुटुंबाशी बोलावे, निरोप घ्यावा, इच्छा सांगाव्यात, असा ‘चांगल्या मरणा’चा जो क्रम अशा बैठकांमध्ये मनाशी रंगवला जातो, त्यातले काहीही घडायला अवकाशच मिळाला नाही.

यावरून, मरणाविषयी बोलून शेवटी उपयोग काय झाला, असा प्रश्न कोणी विचारला तर तो उद्धट म्हणून झटकून टाकू नये. त्यांच्या पत्नीने निधनाची बातमी कळवताना जे लिहिले त्यात याचे एक उत्तर आहे. आपल्यापैकी कोणाकडे किती दिवस आहेत हे कोणालाच ठाऊक नसते, याचे सजग भान ठेवून ते रोजचा दिवस जगत होते, अशा आशयाचे ते लिहिणे होते. हे उत्तर मरणाच्या तयारीविषयी काही सांगत नाही, जगण्याविषयी सांगते, आणि उपक्रमाच्या लेखी उद्देशाशी ते जुळते. बाहेरच्या माणसाने याहून अधिक अर्थ त्यातून काढू नये असे मला वाटते.

काम पुढे त्यांची आई आणि बहीण यांनी सांभाळले. प्रत्यक्षात सांभाळायचे होते ते थोडेच : मार्गदर्शिका, नाव आणि बैठकांची नोंद. बैठका भरवणारी माणसे आपापल्या गावी होती, आणि त्यांना पुढच्या महिन्याच्या बैठकीसाठी कोणाची परवानगी नको होती. २०२० मध्ये महासाथीमुळे एकत्र बसणे अशक्य झाले तेव्हा बैठका पडद्यावर गेल्या. केक प्रत्येकाने आपापल्या घरी खावा लागला, आणि दोन तास एकाच बशीकडे पाहण्याची सोय गेली.

जे साधले नाही

या पद्धतीचे टीकाकार एक गोष्ट वारंवार दाखवून देतात आणि ती बरोबर आहे : येणाऱ्यांमध्ये सुशिक्षित, मध्यमवर्गीय, मध्यमवयीन किंवा त्याहून वयस्क स्त्रिया अधिक असतात, आणि शुश्रूषा, समुपदेशन किंवा हॉस्पिसच्या क्षेत्रातील माणसेही पुष्कळ असतात. म्हणजे ज्यांना हा विषय आधीच सोपा जातो तेच येतात. नावातच ‘डेथ’ असल्यामुळे घाबरणारा माणूस दारापर्यंतही पोचत नाही. अंडरवुड यांनी नाव सौम्य केले नाही, आणि त्याची ही किंमत होती.

दुसरी मर्यादा दुःखितांविषयीची आहे. ज्याच्या घरी पंधरा दिवसांपूर्वी मृत्यू झाला आहे त्याला सांत्वन हवे असते, आणि डेथ कॅफे आपण सांत्वनगट नाही असे स्पष्ट सांगतो. तरीही असा माणूस येतोच. अनुभवी सांभाळणारा त्याला वेगळे घेऊन बसतो आणि योग्य ठिकाणी पाठवतो, नवखा गोंधळतो. मार्गदर्शिकेच्या आधारे कोणीही बैठक भरवू शकतो ही सोय आहे, पण अशा वेळी तीच उणीव होते.

आपल्याकडे

भारतातील पहिले हॉस्पिस मुंबईत वांद्र्याला १९८६ मध्ये ‘शांती आवेदना’ या नावाने सुरू झाले, आणि पुढे गोव्यात लोटली येथेही त्याची शाखा निघाली. शुश्रूषेची वाट म्हणजे आपल्याकडे नवी नाही. बोलण्याची वाट मात्र अडलेली आहे, आणि अडवणारी माणसे प्रेमाची असतात. वडिलांनी ‘माझ्यानंतर’ एवढा शब्द काढला की मुलगी ‘बाबा, असं अभद्र बोलू नका’ म्हणते, आणि वडील विषय सोडतात. आपण माणूस मेला असेही म्हणत नाही. तो गेला, वारला, त्याला देवाज्ञा झाली.

मग हे बोलणे होते कधी, तर दहाव्याला. घाटावर पिंड मांडलेला असतो, कावळा फांदीवर बसून राहतो, खाली येत नाही, आणि जमलेले नातेवाईक गेलेल्याची इच्छा काय राहिली असेल याचा अंदाज घेऊ लागतात. ‘धाकटीच्या लग्नाचं आम्ही बघू, काळजी करू नका.’ ‘शेताचे वाटे होऊ देणार नाही.’ एकेक आश्वासन मोठ्याने दिले जाते आणि सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागतात. या विधीची टवाळी करण्याचा माझा हेतू नाही. माणसाच्या मनात काय राहिले असेल हे समाजाने मिळून, उघड्यावर विचारण्याची ती जागा आहे आणि ती फार जुनी आहे. उत्तर देणारा तेथे हजर नसतो, एवढेच. हॅकनीच्या टेबलाशी तोच प्रश्न दहा, वीस, तीस वर्षे आधी आणि ज्याचा त्याला विचारला जातो.

आपल्याकडे अशी बैठक भरवू पाहणाऱ्याला आता एक नवा मोह पडेल, आणि तो कायद्यातून येतो. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी ‘कॉमन कॉज’ खटल्यात सन्मानाने मरण्याचा अधिकार मान्य केला आणि वैद्यकीय इच्छापत्राला, म्हणजे आपण बोलू शकत नसू तेव्हा कोणते उपचार करावेत वा करू नयेत हे आधीच लिहून ठेवण्याला, मान्यता दिली; २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची पद्धत सुलभ केली. पूर्वी त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असे. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याचे साक्षांकन पुरते. आपण बोलू शकत नसू तेव्हा आपल्या वतीने कोणी बोलायचे, त्यांची नावे त्यात लिहावी लागतात, आणि एक प्रत स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठेवण्याची तरतूद आहे. हे सर्व लोकांना कळणे गरजेचे आहे. त्यामुळे पुण्यात किंवा नाशकात एखाद्या ज्येष्ठ नागरिक संघाने डेथ कॅफे भरवायचे ठरवले तर पहिली सूचना येईल ती एखाद्या डॉक्टरांना बोलवा, नमुने छापून आणा, जमल्यास नोटरीही बसवा, अशी.

ती सूचना चांगली आहे, पण त्या दिवसापुरती नाकारण्यासारखी आहे. नमुना हातात आला की माणसे रकाने भरू लागतात, आणि आपल्या वतीने बोलणारा म्हणून मुलाचे नाव लिहायचे की मैत्रिणीचे, या प्रश्नाशी थबकलेली बाई शेजारणीचे पाहून मुलाचे नाव लिहून मोकळी होते. आधी तिला त्या थबकण्याविषयी बोलू द्यावे, चहा दोनदा झाला तरी चालेल. डॉक्टर, नोटरी आणि नमुने यांची बैठक पुढच्या आठवड्यात ठेवावी, आणि तिला दुसरे नाव द्यावे.